आलुईचे दोन आवाज

५ नोव्हेंबर, सोमवार

नापास! एकसष्टाव्या वर्षी, एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून झाल्यावर — वाचनात नापास!

विद्यापीठातली ती खोली कपाटाएवढी. भिंतींना स्पंज, मधे माईक, समोर फांग नावाची मुलगी. संशोधन करते. आमच्यासारखी दोन्ही भाषा बोलणारी माणसं मँडरिनचे सूर कसे लावतात आणि तैवानीचे कसे, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं, हा तिचा विषय. चर्चच्या फलकावर चिठ्ठी होती — ताइनानमध्ये वाढलेल्या, साठीपुढच्या बायका हव्यात. म्हटलं, हे तर आपल्यासाठीच.

आधी मँडरिन वाचलं. पडद्यावर माझ्या आवाजाची रेघ उमटत होती. मँडरिनचे चारही सूर, ज्यांवर शब्दाचा अर्थ ठरतो, आखून काढल्यासारखे. फांग म्हणाली, "बाई, काय स्वच्छ! पुस्तकात छापावं असं."

मग तैवानी. सुटे शब्द नीट गेले. वाक्यं आली आणि त्या पोरीने यंत्र थांबवलं. नंतर हळूच, "बाई, तुम्ही एकेक शब्द वेगळा ठेवताय."

खरंच की! आमच्या तैवानीत एकट्या शब्दाचा सूर एक, आणि पुढे दुसरा शब्द आला की त्याचाच सूर बदलतो. मासे विकणारी बाई यात चुकत नाही, तीन वर्षांचं पोर चुकत नाही. बोलताना मीही चुकत नाही. पण ही भाषा मी कागदावर कधी वाचलेलीच नाही. कागद समोर आला की मी वर्गात उभी राहते — प्रत्येक अक्षर ठणठणीत, एकटं.

"शाळेत चांगल्या असलेल्यांचंच असं होतं," फांग म्हणाली. माझं सांत्वन करत होती बिचारी.

उपायही तिनेच सांगितला. वाचू नका, बोला. लहानपणी जिच्याशी बोलायचात असं घरातलं कुणी घेऊन या. अर्धा तास तैवानी, अर्धा तास मँडरिन.

घरातलं कुणी. आई जाऊन नऊ वर्षं झाली. उरली धाकटी बहीण, आलुई.

६ नोव्हेंबर

आलुईला विचारायचं. ठरलं.

८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सहाला तिच्या ठेल्यावर. माशाच्या पेजेचं ते पातेलं आजीच्या काळापासून तिथेच उकळतंय. धाकटी असून माझ्याआधी म्हातारी झाली — वाफेने म्हणे केस लवकर पिकतात.

आज मुद्दाम कान देऊन बसले. गिऱ्हाइकांशी तैवानी. आवाज खालून येतो, पातेल्याच्या तळातून पळी फिरावी तसा. हुबेहूब आईचा. "काय हो बिनकाका, काल दिसला नाहीत? बायकोने कोंडलं होतं की काय?" बिनकाका म्हणाले, "कोंडलं असतं तर बरं होतं. भाजी निवडायला बसवलं!" सगळा बाजार हसला. मग ती माझ्याकडे वळली आणि आवाज दोन पायऱ्या वर चढला. गुळगुळीत मँडरिन. "च्येच्ये, आलं जास्त घालू का?"

च्येच्ये म्हणजे मँडरिनमधली ताई. आमच्या घरातली ताई म्हणजे आची. पन्नास वर्षांत तिने मला एकदाही आची म्हटलेलं नाही.

विचारलं. म्हणाली, "माईकसमोर मी काय बोलणार? माशाचे काटे कसे काढायचे ते?"

"काहीही बोल. माझ्याशी बोल," मी मँडरिनमध्येच म्हटलं.

पळी थांबली. "तुझ्याशी तैवानी? ते आपल्याला जमत नाही, च्येच्ये." अगदी अदबीने. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

उद्या पुन्हा जाणार.

९ नोव्हेंबर

गेले. नाही म्हणाली.

१० नोव्हेंबर

गेले. "पेज खा आणि घरी जा." पेज खाल्ली. घरी गेले नाही. तिच्या वाट्या विसळल्या. तिने त्या पुन्हा विसळल्या.

१८ नोव्हेंबर, रविवार

मिस्सानंतर बाकावरच बसून राहिले. कुठेतरी लिहायला हवं. इथे लिहिते. फादरना कधी सांगितलं नाही.

सिस्टरांची शाळा. मी सहावीत, आलुई चौथीत — तिचे वर्ग अंगणापलीकडे. शाळेत तैवानी बोललं की गळ्यात पाटी. लाकडी, सुतळीची. 'मी राष्ट्रभाषेतच बोलेन.' राष्ट्रभाषा म्हणजे मँडरिन. उतरवायचा मार्ग एकच — दुसरी कुणी बोलताना पकडायची आणि तिच्या गळ्यात घालायची. म्हातारी सिस्टर ओडिल — स्वतः बेल्जियमची, पण दवाखान्यात म्हाताऱ्यांशी तैवानीत काय गोड बोलायची! — पाटी दिसली की मान वळवून जपमाळ चाचपायची. काढून मात्र तिनेही कधी टाकली नाही. पण तिच्यावर कशाला ढकलायचं?

वक्तृत्वस्पर्धा शनिवारी होती. पाटीवालीला मंचावर जाता येत नसे. आणि सोमवारी पाटी माझ्या गळ्यात आली! वर्गातल्या मुली माझ्याजवळ तोंड मिटून वावरायच्या. घरी मी सांगितलं नव्हतं. पाटी संध्याकाळी शाळेतच राहायची.

शुक्रवारी दुपारी नळावर आलुई दिसली. पाणी पीत होती, वेण्या ओल्या. मी पाटी पाठीवर फिरवली, वरून दप्तर घेतलं. आणि तैवानीत विचारलं, "आलुई, आज घरी जेवायला काय ग?"

"रताळ्याचा भात," ती म्हणाली.

मी तिच्या गळ्यात पाटी घातली.

ती रडली नाही. संध्याकाळी मी घरच्या अंगणात भाषणाची तालीम करत होते, मोठमोठ्याने, मँडरिनमध्ये. ती उंबऱ्यावर बसून ऐकत होती. शनिवारी मला पहिला नंबर मिळाला. त्याच्यामुळे शिष्यवृत्ती, तिच्यामुळे अध्यापन विद्यालय, आणि मग सगळं आयुष्य. आलुईने पाटी अकरा दिवस घातली. कुणालाच पकडलं नाही. शेवटी वर्गशिक्षिकांनीच कंटाळून ती काढली. आणि त्या वर्षानंतर तिने शाळा सोडली, आजीच्या ठेल्यावर बसायला लागली.

तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी फक्त मँडरिन. आईशी दोघी तैवानीत. आई म्हणायची, "सरकारी कचेरीत भेटल्यासारख्या का बोलता ग एकमेकींशी?" आम्ही दोघी खाली मान घालून जेवायचो.

मला माफी मागायची आहे. मँडरिनमध्ये मागता आली असती — कधीही! पण ज्या भाषेत फसवलं त्याच भाषेत मागायला हवी. ती मला तेवढा अर्धा तास देत नाही.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

आता रोज आलं कापते. आज आलुई म्हणाली, "च्येच्ये, हे काय कापलंस? प्रत्येक तुकड्याला समास सोडलाय." बिनकाकांनी विचारलं, "आलुई, ही नवी बाई कोण ठेवलीस?" ती तैवानीत म्हणाली, "माझी थोरली बहीण आहे. मास्तरीण. जपून बोला, लाल शाईने खुणा करील." म्हणजे माझ्याविषयी तैवानीत बोलते! माझ्याशी नाही.

निवडणूक परवावर आलीय. भोंगे लावलेल्या गाड्या दर पाच मिनिटांनी — सगळे उमेदवार तैवानीत गळा काढतायत. एरवी कोटबीट घालून मँडरिन झाडणारे! मतं मागायची वेळ आली की यांना आईची भाषा आठवते. मनात हसले. मग हसू गेलं. मीही मागायलाच तर आलेय.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आलुईच्या गळ्याजवळ गाठ आहे. मला आज कळलं, तेही बिनकाकांकडून. तिला विचारलं तर म्हणाली, "हो. वीस तारखेला काढणार. कॅन्सर नाही म्हणतात." पातेलं ढवळत, मँडरिनमध्ये, हवामान सांगितल्यासारखं.

"आणि आवाज?"

"आवाज बसू शकतो. वरचे सूर जाऊ शकतात." खांदे उडवले. "पेज विकायला कशाला लागतात वरचे सूर?"

वरचे सूर गेले तर तिच्या तैवानीचं काय होईल? आणि आईचा जो आवाज तिच्या गळ्यात उरलाय, त्याचं? फांगला फोन केला. सतरा तारखेची सोमवारची वेळ ठेव म्हटलं, ठेला बंद असतो तेव्हाची.

फांग म्हणाली, "त्या तयार झाल्या का, बाई?"

"होईल."

२ डिसेंबर, रविवार

पवित्र मारियेची प्रार्थना आज पहिल्यांदा तैवानीत म्हणून बघितली. मधेच अडखळले. सिस्टर ओडिल हवेत बोट फिरवून आम्हाला सूर शिकवायची — वर, खाली, चढता, वळून परत. मीही वर्गात तेच बोट फिरवलं, मँडरिनसाठी. आज एकटीच बोट फिरवत बसले. शेजारीण खिडकीतून बघत होती. बघेना!

६ डिसेंबर

नाही म्हणाली. आज मात्र मला पेजेत माशाचं पोट वाढलं. ते ती कुणाला देत नाही.

१२ डिसेंबर, बुधवार

आलुईला डॉक्टरांनी गळ्याला विश्रांती द्यायला सांगितलीय. कुजबुजतच होती. सकाळी सातला गर्दी, आणि शेजारचा कोंबडीवाला भोंग्यासारखा ओरडतोय. गिऱ्हाइकं त्याच्याकडे वळायला लागली. आलुईने तोंड उघडलं, गळ्याला हात लावला, मिटलं.

मग मीच ठेल्यापुढे उभी राहिले. वर्गाबाहेर मी आयुष्यात कधी ओरडलेले नाही. आणि समोर कागद नव्हता!

"या हो या! गरम पेज! आत्ता समुद्रातून आलेला मासा, अजून रागावलाय!"

तैवानीत. सूर आपोआप बदलत गेले, शब्दाला शब्द लागत गेला. बाजारातल्या माना वळल्या. मग बिनकाका, "अरे, ही तर बातम्या देतेय! आलुई, तुझ्या पेजेची बातमी आली!" कोंबडीवाला म्हणाला, "मास्तरीणबाई, माझ्याही कोंबड्यांची एक बातमी द्या की." मी म्हटलं, "तुमच्या कोंबड्या इतक्या जुन्या, की त्या इतिहासाच्या तासाला!" सगळे हसले. मला घाम फुटला होता. अठ्ठावीस वाट्या गेल्या. मग आणखी दहा.

आवराआवर करताना आलुई जवळ आली. कुजबुजली, मँडरिनमध्येच, "सोमवारी किती वाजता?"

मी सांगितलं. आणि उरलेल्या वाट्या विसळायला घेतल्या.

१६ डिसेंबर, रविवार

काय बोलायचं ते लिहून काढत होते. मग कागद फाडला. कागद समोर असला की मी शब्द एकटे पाडते.

तोच प्रश्न विचारायचा, त्याच भाषेत. आणि मग माफी. पाय मागे घ्यायचा नाही.

१७ डिसेंबर, सोमवार

स्पंजची खोली. दोघींत एक माईक. फांगने बोट वर केलं, यंत्र सुरू झालं. मी विचारलं, "आलुई, आज घरी जेवायला काय ग?"

ती माईककडे झुकली. मग आईच्या आवाजात, "रताळ्याचा भात. त्या दिवशीही हेच सांगितलं होतं मी, आची. सुतळी दिसत होती ना तुझ्या गळ्यात. पाठीमागे लपवलीस म्हणून काय झालं? तुझ्या गळ्यात पाटी आहे हे सगळ्या शाळेला माहीत होतं. आणि दुसऱ्या दिवशी तुझं भाषण होतं."

माझी माफी तोंडातच राहिली. कसंबसं म्हटलं, "मग पन्नास वर्षं माझ्याशी मँडरिन का?"

"त्या संध्याकाळी अंगणातून तू मला म्हणालीस, आलुई, आत जा. मँडरिनमध्ये. मला वाटलं, आचीला आता आपली भाषा नकोशी झाली." तिने माझा हात धरला. आल्याचा वास. "तू सुरू केलंस ग. मी नुसती वाट बघत होते, तू आपल्या भाषेत कधी हाक मारतेस याची."