टोळीची हजेरी

गुरुजी,

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा वाईट वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, जुनी विद्यार्थिनी आठवण काढून डोळे पुसतेय. शाळेच्या हॉलमध्ये तुमचा हार घातलेला फोटो आहे. त्याखाली बसून मुख्याध्यापिका मला सांगत होत्या, "गुरुजी म्हंजे देवमाणूस. ऊसतोडीच्या पोरांस्नी पयल्यांदा शाळंत घेतलं ते त्यांनीच." मेल्या म्हशीला मणभर दूध! घेतलंत, खरं आहे. त्यातलीच मी एक. पण घेऊन आमचं काय केलंत, ते त्या बाईंना कुणी सांगितलेलं नाही.

आठवत नसेलच तुम्हाला, म्हणून सांगते. मी बीडकडची. दिवाळी झाली की आईबाप टोळीबरोबर इकडे ऊस तोडायला यायचे, कारखान्याचा हंगाम संपला की परत. आम्ही मुलं फडाकडेच्या पाचटाच्या कोप्यांमधून चालत तुमच्या शाळेत यायचो. तुम्ही वर्गाच्या उंबऱ्यात उभं राहून हजेरी घ्यायचात. गावातल्या मुलांची नावं एकेक करून, बापाच्या नावासकट, मध्येच "काय रं, म्हस व्याली का तुमची?" अशी चौकशी करत. ती सगळी संपली की मान वर न करता म्हणायचात, "टोळी?" आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "हजर." एकदा मी धीर करून म्हटलं, गुरुजी, माझं नाव घ्या ना. तुम्ही हसलात. "पाडव्याला जाणार तू. पावण्यांची नावं पाठ करून काय करू?" वर्ग खो खो हसला. सव्वीस जानेवारीला तुम्ही आम्हाला शर्ट वाटले, सगळे एकाच मापाचे. त्या दिवशीच्या फोटोत माझी बाही गुडघ्याला लागते आहे आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला आहे. तो हात मला अजून जड लागतो. सातवीनंतर मी वसतिगृहात राहून शिकले, आता शिवाजी पेठेत खोली घेऊन राहते, पण कुणी डोक्यावर हात ठेवायला लागलं की मी मागे सरकते.

या हंगामात मी तुमच्याच शाळेत संशोधनाला येते. स्थलांतरित मुलांना शाळा आपली का वाटत नाही, हे मुलांनीच शोधायचं, असं आमचं काम आहे. काय शोधायचं आणि कसं, ते मुलं ठरवणार, आम्ही सोबत राहायचं. मुलांनी ठरवलं की जिथं बरं वाटतं तिथं चुन्याचं बोट लावायचं आणि जिथं नको वाटतं तिथं कोळशाचं. मला वाटलं, कोळसा संडासाला लागणार, नाहीतर पाण्याच्या नळाला. आम्ही शिकलेली माणसं नेहमी तेच धरून चालतो. सगळ्यात काळा झाला तो वर्गाचा उंबरा. मी विचारलं, इथं काय? दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "हितं बाई उभ्या ऱ्हात्यात अन् म्हणत्यात, टोळी?" माझ्या अंगाची आग झाली. तुम्ही मेलात, पण तुमची हजेरी जिवंत आहे.

त्याच दिवशी मी मुलांना आमचा नियम सांगितला होता. अहवालात कुणाचं खरं नाव येणार नाही, तुमच्या भल्यासाठीच ते. त्या वेण्यावालीनं विचारलं, "मंग तुमीबी टोळीच लिहिणार?" नियम बरोबर आहे, मी तो पाळणारही आहे. पण त्या क्षणी मला वाटलं, मी तुमच्याच जागी उभी आहे, आणि त्यासाठीही मला राग तुमचाच आला.

मग मुलांनी शिक्षकांची सभा बोलावली आणि एकच मागणी ठेवली: आमची हजेरी नावानं घ्या. छोटी शाळा, हजेरी मुख्याध्यापिकाच घेतात. त्या म्हणाल्या, "आगं, चार म्हयन्यांची पावणी तुम्ही. गुरुजींपास्नं असंच चालत आलंय की." त्यावर ती मुलगी म्हणाली, "आमी गेल्यावर नका घेऊ नाव. हाय तवर तरी घ्या." बाईंनी एकदा तुमच्या फोटोकडे बघितलं. "बरं, उद्या बघू," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात उभी आहे. गावातल्या मुलांची नावं संपतात आणि बाईंच्या तोंडून सवयीनं निघतंच, "टोळी?" मुलं गप्प. एकानंही तोंड उघडलं नाही, त्यांचं आधीच ठरलं असणार. बाई ओशाळल्या. उंबऱ्यावरून खाली उतरल्या आणि त्या वेण्यावालीला म्हणाल्या, "तुजं नाव काय गं?"

एवढं तुम्हाला ऐकवावं म्हणूनच लिहायला बसले होते. मुलांनी तुम्हाला हरवलं, गुरुजी. मला ते कधी जमलं नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा उरलेलंही सांगते. मुलं गप्प होती तेव्हा व्हरांड्यातून एक बारीक आवाज आला होता, "हजर." बाईंना ऐकू गेला नाही. तो माझा होता.