पक्कं हव

तेलीबांधा, रायपूर
बुधवार

प्रिय यशोधन,

आत्या काल संध्याकाळी धमतरीला पोचल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची शिलाई मशीनही पोचली. सचिननं फोनवर सांगितलं. तो त्यांच्या मावसबहिणीचा मुलगा, तुला आठवत असेल, त्याचं तिथं औषधांचं दुकान आहे. दुकान बंद करून तो स्वतः त्यांना उतरवून घ्यायला गेला होता. म्हणाला, "मामी, मावशी ठीक हाये, चहा पिऊन राहिली. पन मशीन काहून आनली, ते काही सांगून नाही राहिली." मला विचारत होता. मी काय सांगणार? चार दिवस पाहुणी म्हणून जाणारी बाई शिलाई मशीन नेत नाही, एवढं त्यालाही कळतं.

वर 'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. आत्ता तसं वाटत नाही. पण आईनं मुलाला दुसरं काय लिहायचं ते मला येत नाही, म्हणून राहू दिलं.

आत्या निघाल्या तेव्हा मी घरी नव्हते. गोलबाजारात गेले होते, तुझ्या पाहुण्यांच्या नाश्त्यासाठी बशा घ्यायला. आमच्या सूनबाईनं, देवश्रीनं, फोटो पाठवला होता, अशाच हव्यात, पांढऱ्या, कडेला काही नको. दुकानदार म्हणाला, "दीदी, ये तो होटल वाला माल है," आणि आतून काढून आणल्या. मी त्या घासाघीस करून घेत होते आणि इकडे आत्या ऑटोवाल्याकडून मशीन उचलवून घेत होत्या. सकाळीच म्हणाल्या होत्या, "चार दिवस धमतरीले राहून येईन म्हणते." मी म्हटलं, हव. परत आले तर कोपरा रिकामा. मशीन दुरुस्तीला दिली असेल अशी मी स्वतःची समजूत काढली. सचिनच्या फोननं तीही गेली.

आता या 'हव'बद्दलच लिहायचं आहे. तुला पुण्यात राहून बरीच वर्षं झाली, देवश्री तर तिथलीच. मागच्या खेपेला ती वरच्या खोलीत राहणाऱ्या सोनियासमोर व्हिडिओवर म्हणाली, "आईंना आवडतंय हे सगळं. यशोनं विचारलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, हवं." ते तेव्हापासून सलतं आहे. मी 'हवं' म्हटलं नव्हतं. मी 'हव' म्हटलं होतं. तिचा दोष नाही, तिला अनुस्वार ऐकू आला. तुला यायला नको होता. तू या पाऱ्यात, याच मोहल्ल्यात वाढलास. इथं भाजीवाली हव म्हणते, बँकेतला कारकून हव म्हणतो, आणि त्याचा अर्थ फार तर इतकाच की मी ऐकून राहिले, तू बोल. दूध उतू जात असताना तू फोनवर सांगत होतास की वरची खोली रिकामीच पडली आहे, ऑनलाइन टाकू, लोक येतील, दोन दिवस राहतील, जातील. मी गॅस बारीक करत हव, हव म्हणत होते. पुढच्या आठवड्यात घरी गादी आली.

लहानपणी तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. कणीक मळताना तू विचारलंस, तळ्यावर जाऊ का, मी हव म्हटलं, तू गेलास, आणि परत आल्यावर तुला दोन धपाटे मिळाले. त्यानंतर तू हुशार झालास. दारात उभा राहून विचारायचास, "आई, हे कामातलं हव आहे की पक्कं हव?" मग मी हात थांबवून तुझ्याकडे बघायचे आणि खरं काय ते सांगायचे. आत्यांनाही तू तसंच विचारायचास. त्या हसायच्या, "पोट्टा मोठा वकील होईन." वकील झाला नाहीस, पण मोठा झालास, आणि तो एक प्रश्न विचारायचं सोडून दिलंस.

तरी वरच्या खोलीबद्दल माझं भांडण नाही, हे आधी नीट समजून घे, नाहीतर तू म्हणशील आईला हे सगळं झेपत नाही. मला झेपतं. मला आवडतंही. सुरुवातीला मी घाबरले होते. पहिलं कुटुंब आलं जबलपूरहून, लग्नाला. मी दारात गूळपाणी घेऊन उभी, आणि ते लोक आपापली आधार कार्डं हातात धरून उभे. कुणी आधी काय द्यायचं ते दोघांनाही कळेना. निघताना त्या बाईंना मी कुंकू लावलं आणि डब्यात पोहे भरून दिले. तुझा मेसेज आला की आई, चेकआउटची वेळ पाळायला लाव, गप्पा मारत बसू नकोस. देवश्रीचा आला की पाहुण्यांना प्रायव्हसी लागते. हळूहळू शिकले. चादरी कडक पांढऱ्या ठेवायच्या, टॉवेलची घडी दाराकडे तोंड करून, वायफायचा पासवर्ड टेबलावर, आणि 'जेवलात का' हे एकदाच विचारायचं. तुझे बाबा गेल्यावर जिन्यात पावलं वाजणं बंद झालं होतं. ती पुन्हा वाजू लागली. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण खरं आहे.

आणि जे पडदे सगळ्यांना आवडतात, ज्यांच्याबद्दल प्रत्येक पाहुणा दोन ओळी लिहून जातो, ते कुणी शिवले? पंडरीला जाऊन कापड मी आणि आत्यांनी निवडलं. भर उन्हात, दुकानामागून दुकान, हे पातळ, ते भडक, असं करत. उशांचे अभ्रे, पायपुसण्यांच्या कडा, टेबलावरचा रुमाल, सगळं त्यांच्या मशीनवर झालं. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायच्या, बाकी सगळं त्यांचं. तुझ्या जाहिरातीत लिहिलं आहे की सजावट देवश्रीची. सोनियानं मला वाचून दाखवलं. पुढे आमच्याबद्दलही एक ओळ आहे, घरी दोन वयस्क महिला असतात, मदतीला तत्पर. आत्या ते ऐकून म्हणाल्या, "तत्पर म्हंजे काय वं?" मी म्हटलं, हाक मारली की धावणाऱ्या. "मंग बराबर हाये," म्हणाल्या. हसल्या त्या. मी हसले नाही.

हेही मी गिळलं असतं. लिहायला बसले ते सोमवारच्या प्रकारामुळे.

सोनिया, इंदूरची मुलगी, वरच्या खोलीत महिनाभरासाठी आहे. नवा रायपूरला तिचं काही प्रशिक्षण चालू आहे. सोमवारी तिला सुट्टी होती. मी आणि आत्या अंगणात लाल भाजी निवडत बसलो होतो, ती येऊन बसली, फोन बघत होती. मला म्हणाली, "आंटी, ये नीचे वाला रूम भी अब किराए पर दे रहे हैं? इसमें तो दादीजी रहती हैं ना?" आणि फोन पुढे केला. जाहिरातीत आत्यांची खोली होती. दुसरी बेडरूम, तळमजला, स्वतंत्र स्नानगृह, ज्येष्ठांसाठी सोयीची. त्यातही एक शब्द खोटा नाही. तुझ्या बाबांनी ती खोली ज्येष्ठांसाठीच बांधली होती, एका ज्येष्ठासाठी. तरुणपणी सासर सोडून परत आलेल्या बहिणीला म्हातारपणी जिना चढावा लागू नये, आणि कुणाला विचारून न्हाणीघरात जावं लागू नये म्हणून.

फोटो अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुट्टीतला आहे. तू आला होतास तेव्हाचा. तुला वाटत असेल कुणाच्या लक्षात नाही. त्या दिवशी तू आत्यांना म्हणालास, फोटो काढायचा आहे. त्या आत गेल्या, केस विंचरले, तुझ्या लग्नातली मोरपंखी साडी नेसून आल्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तू त्यांची मशीन, पेटी, देवांचा पाट, सगळं गॅलरीत नेऊन ठेवलंस. त्या खुर्चीवर बसायला गेल्या आणि तू म्हणालास, "आत्या, तू जरा बाजूला हो ना, उजेड अडतोय." त्या बाजूला झाल्या. पुन्हा म्हणालास, अजून थोडी. त्या दारापर्यंत सरकल्या. मग तू खोलीचे फोटो काढलेस, सामान परत आत आणून ठेवलंस, आणि म्हणालास, मस्त आले. त्या मोरपंखी साडी नेसून दिवसभर तशाच वावरल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "माहा फोटू राहूनच गेला वाटते."

राहिला नाही. सोनियानं बोटांनी फोटो मोठा केला. "आंटी, ये अलमारी के शीशे में दादीजी हैं ना?" कपाटाच्या आरशात दाराजवळची साडीची कड दिसते, मोरपंखी, आणि तिच्यावर एक हात. तुला दिसलं नसेल. तुझे डोळे खोलीवर होते. आत्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "माही खोली लई मोठी दिसून राहिली वं, कुसुम." आणि भाजी निवडू लागल्या. सोनियानं मग खालचं वाचलं. शनिवारपासून बुकिंग झालेलं होतं. नागपूरचं एक जोडपं.

मी तुला तेव्हाच फोन लावला. काय म्हणालास ते मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुला एकदा वाचायला मिळेल. तू म्हणालास, "अगं, आत्याला मी विचारलंय. ती हव म्हणाली. आणि आठवड्यातून दोन-तीन रात्रींचा प्रश्न आहे, ती हॉलमध्ये झोपेल, तिला चालतं सगळं." मी विचारलं, कधी विचारलंस? म्हणालास, जेवताना, त्याच दिवशी.

म्हणजे ताटावर, वाढताना. आत्या वाढत असताना तू त्यांना सांगितलं असतंस की घर पेटलं आहे, तरी त्यांनी हव म्हणून आधी भात वाढला असता. आणि त्यांना चालतं हे तू कशावरून ठरवलंस? आजवर त्यांना कुणी काही विचारलंच नाही, म्हणून त्यांना सगळं चालतं. भावानं खोली बांधली तेव्हा सुद्धा आधी विचारलं नव्हतं, पण निदान त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं. तुझा शाळेचा गणवेश दरवर्षी त्या खोलीत शिवला गेला. त्या तुझ्या चड्डीला ठिगळ लावत असताना तू त्या मशीनखाली बसून पायडल हातानं हलवायचास. ती मशीन तू गॅलरीत ठेवलीस, फोटोत जुनाट दिसते म्हणून. बाई समजूतदार आहे. तिनं ती कायमचीच उचलून नेली. तुझा फोटो आता अगदी खरा झाला आहे, जाऊन बघ. कपाट, पलंग, खिडकी. आरशातही कुणी नाही.

मला राग याचा आहे की तू वाईट नाहीस. वाईट असतास तर दोन शब्दांत संपवलं असतं. तू आईला पंखा चालतो का विचारतोस, आत्यांच्या गुडघ्याला तेल पाठवतोस. आणि त्याच हातानं त्यांच्या निजायच्या जागेची वेळ ठरवतोस, आत येण्याची दुपारी, जाण्याची सकाळी.

आज सकाळी मी धमतरीला फोन केला. आत्यांना म्हटलं, शनिवारी सचिनची गाडी रायपूरला माल घ्यायला येणार आहे, त्यात बसून या. त्या म्हणाल्या, "हव." मी म्हटलं, मशीन पण घेऊन या. म्हणाल्या, "हव." मग त्यांनीच देवश्रीची, नातवंडांची चौकशी केली, सोनिया जेवली का विचारलं आणि फोन ठेवला. आता हे कोणतं हव, ते मला कळलेलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून कळलेलं नाही. मला विचारायचा धीर झाला नाही, कारण उत्तरात खोली कुणाची हे यायला हवं, आणि ते माझ्या हातात तू ठेवलेलं नाहीस. जाहिरात तुझ्या नावावर, बुकिंग तुझ्या फोनवर, रद्द करायचं बटण तुझ्याकडे.

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू समजावत गेला असतास आणि मी मधे मधे हव, हव म्हणत गेले असते, आणि तेवढंच धरून तू पुढचं ठरवलं असतंस. कागदावर मला ते म्हणता येत नाही. सोनिया या पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. वाचून झालं की मला उत्तर देऊ नकोस, आत्यांना फोन कर. त्या जेवत असतील, वाढत असतील, तर नंतर कर. विचार, आणि त्या हव म्हणाल्या की घाईनं पुढे जाऊ नकोस. तुझा जुना प्रश्न विचार. तो त्यांना तुझ्याशिवाय कुणी विचारला नाही, आणि त्याचं खरं उत्तरही त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. मी खोलीला कुलूप लावून ठेवलं आहे. वरची खोली चालू राहील, जाहिरातीत सजावटीपुढे आत्यांचं नाव लिहून. खालची नाही. शनिवारी दुपारी मी फाटकाशी उभी असेन. धमतरीची गाडी येते की नागपूरची, ते तुझ्या एका फोनवर आहे.

तुझीच, या वेळी पक्कं सांगणारी,
आई