सुमन कोण?

बुधवार, जानेफळ

काल सकाळी अंगण सारवत होते, तेव्हा पोस्टमन गजाननभाऊ पुस्तकाचं पार्सल घेऊन आला. पंधरा दिवस उशीर झाला म्हणून त्याची लेखी तक्रार मीच केली होती.

“पार्सलावर निस्तं नाव अन् गाव. सुमन कोन, म्हनून साऱ्या गावाले इचारलं, वयनी. मले वाटलं, कोनाची नवी सून आली! तक्रारीवर घर पाह्यलं तवा समजलं, तुमीच.”

लाजेनं मान वर झाली नाही. सुमन माझं माहेरचं नाव. गावात मी कमलबाई. हे मात्र घरात सुमनच म्हणायचे. हे गेल्यापासून ते नाव कानावर आलं नाही, म्हणून पुस्तक मागवताना... काऊन लिहिलं मी? त्यापायी गजाननभाऊला पोस्टातल्या साहेबाचे बोल ऐकावे लागले.

आज पोस्टात जाऊन तक्रार मागे घेतली. घरी येऊन दारावर खडूनं दोन्ही नावं लिहिली.