नव्या पेशींचं भाषण

१ जुलै १९८५
होकार मिळाला! गिरिधर सर — आमच्या शरीरशास्त्र विभागाचे प्रमुख — स्वतः म्हणाले, "शनिवारच्या सेमिनारला तुम्ही बोला, प्रेमिलाबाई." विषय माझा: मोठेपणीही मेंदूत नव्या पेशी तयार होतात का? उंदरांत वीस वर्षांपूर्वीच दिसल्या, त्याही हिप्पोकॅम्पसमध्ये — आठवणींच्या भागात. कोणी मनावर घेतलं नाही. आता कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूतही! आणि अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच झिजतो तो हाच हिप्पोकॅम्पस. तिथेच काही उगवत असेल, तर —

४ जुलै
आकृत्या हातानेच काढल्या. बोटं शाईने निळी.

६ जुलै
संताप, नुसता संताप! आकृत्या टांगत होते, तर सर म्हणतात, "हे काय? कोणाच्या परवानगीने?"
तुमच्याच, सर. सोमवारी.
"मी असं म्हटलंच नाही."
अठरा जणांसमोर! म्हणजे मी खोटारडी! वर प्रवचन — मेंदूची पेशी मेली की मेली, नवी येत नाही, पुस्तक वाचा. कुठलं पुस्तक? तीस वर्षांपूर्वीचं!
गुंडाळल्या आकृत्या. मी इंदोऱ्याच्या दलित वस्तीतली नसते, तर असं तोंडावर नाकारलं असतं? छपन्न साली बाबांनी दीक्षा घेतली ती लेकीने मान खाली घालावी म्हणून नाही.

८ जुलै
देवाजी, आमचे शिपाई, समजूत घालायला आले. "मॅडम, काहून मनाले लावून घेता जी? सायेब आजकाल मलेही एकच गोष्ट तीन-तीनदा विचारून राहिले."
तोडूनच बोलले मी त्यांना. सरांची बाजू घेऊ नका! माणूस सोयीचं तेवढंच विसरतो.

११ जुलै
डीनसाहेबांना तक्रार लिहून काढली. चार पानं. एक शब्द मवाळ नाही. उद्या देणार — म्हणजे देणार!

१२ जुलै
सकाळीच दारात यमुताई. सरांच्या पत्नी, आमच्या घरी पहिल्यांदाच. काल सर कॉलेजातून निघाले, ते सीताबर्डीवर फिरतच राहिले. घर सापडेना. शेवटी एका ओळखीच्या दुकानदाराने आणून सोडलं.
"देवाजींनी तुमच्या भाषणाचं सांगितलं," म्हणाल्या. "ते नव्या पेशींचं — माणसांत होतं का हो तसं?"
उंदरांत होतं, पक्ष्यांत होतं, एवढंच म्हणता आलं.