हेतू आढळला नाही

९ जुलै

ठरलं. एक ऑगस्टपासून केरळातल्या आमच्या देवीच्या पूजा-पावतीच्या खिडकीवर माणूस नाही. मोबाइलवर उत्तरं देणारं यंत्र! देवस्थानचे मॅनेजर मेनन यांनी स्वतः सांगितलं. माझं काम: भक्तांचे खिडकीच्या मोबाइलवर आलेले तीन वर्षांतले निरोप चाळून त्यांना नेमकं काय हवं असतं ते शोधणं. यंत्र सारख्या निरोपांचे ढीग पाडणार, मी ढिगांना नावं देणार.

११ जुलै

बंगळूरहून यंत्राच्या कंपनीचा निश्चल शेट्टी आला. वय सव्वीस. शर्ट काढल्याशिवाय आत सोडत नाहीत म्हणून रुसला. बाहेरच बसून त्याने ‘भक्ताचा प्रवास’ नावाचा तक्ता काढून दाखवला. सात बाण! देवीकडे एकही जात नाही.

१४ जुलै

ढीग पडले. दार किती वाजता उघडतं, प्रसादाची खीर, पायसम, मिळेल का, गाडी कुठे लावू — सोपं. सगळ्यात मोठा ढीग अकरा हजारांचा, आणि त्यात नुसतं नाव आणि नक्षत्र. ‘राघवन, स्वाती.’ ‘अम्मिणी, मघा.’ कोणती पूजा, कशासाठी, काही नाही. यंत्राने शिक्का मारला: हेतू आढळला नाही.

“कचरा आहे, सर,” निश्चल म्हणाला. “काही मागतच नाही तो ग्राहक कसला?”

हा ढीग १९ तारखेला पुसणार. पुढे असे निरोप यंत्र घेणारच नाही.

१५ जुलै

भार्गवीचेची, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या ताई, बावीस वर्षं त्या खिडकीवर आहेत. या निरोपांचं काय करता, विचारलं. “करायचं काय? चिठ्ठीवर उतरवते, आत देते. पुजारी नाव घेऊन एक फूल वाहतात.” पूजा कोणती? “त्यांनी सांगितली नाही, मी विचारली नाही.”

मेननना सांगितलं. “पावती नाही ना? मग ती पूजाच नाही.” देवीलाही पावती दाखवावी लागत असेल!

१७ जुलै

कर्कटक, इथला रामायणाचा महिना, लागला. ओट्यावर वाचन चालू, आणि इकडे चेचींची परीक्षा. निश्चल एकेक निरोप वाचतो, त्या हेतू सांगतात.

“हिला मूल हवंय. हा निरोप फक्त मार्चात येतो, म्हणजे पोराची परीक्षा.”

“पुरावा?”

“घरी फोन कर. तुझं नक्षत्र आई कुठे कुठे पाठवते, विचार.”

त्याने पुढचा निरोप काढला — ‘अप्पू, आश्लेषा.’ दर महिन्याला, छत्तीस वेळा.

“हे भांडण,” चेची म्हणाल्या. “बोलणं असतं तर सरळ फोन केला असता. देवीला कशाला मधे घातलं असतं?”

निश्चल हसला. मीही हसलो. उशिरा हसलो.

१८ जुलै

माझं नक्षत्र आश्लेषा, आणि मला अप्पू म्हणणारा आता एकच माणूस उरलाय. निरोपाखालचा नंबर पाहिला. थोरल्या भावाचाच. वडिलांचं घर विकल्यापासून, तीन वर्षं, बोलणं नाही.

उद्या दहाला ढीग पुसण्याच्या कागदावर माझी सही हवी आहे. देणार नाही, मेनन ओरडतील. त्याआधी, नऊला, भावाला फोन.