उजव्या डोळ्याबाबत तक्रार

मंगळवार, ४ मार्च

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, खालच्या पत्रपेट्यांसमोर, मी तिसऱ्या मजल्याला डोळा मारला. मारला नाही — मारला गेला. माझी काडीची इच्छा नव्हती. उजवा डोळा आपला आपण मिटला, आणि वर ओठांचा चंबू. तिसरा मजला म्हणजे तिथे एकटे राहणारे निवृत्त सर्व्हेअर. सहा वर्षं मी त्यांना मजल्यानेच ओळखते, नमस्काराचीही उधळपट्टी केलेली नाही. त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

बुधवार, ५ मार्च

परत. आता बेकरीवाला. त्याने एक पाव जास्त घातला. परत केला.

बुधवार, १९ मार्च

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, सभ्य मुलीचा चेहरा बंद दारासारखा असावा. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बत्तीस वर्षं मी तो तसाच ठेवला. लोक शिव्या घालून थकले, माझी भुवई हलली नाही. आता ते दार वाऱ्यावर आपटतंय.

तिसरा मजला आज नव्या शर्टात. फिकट जांभळा! "पिशवी जड दिसतेय. देता का इकडे?" मी "नको" म्हणायला तोंड उघडलं. डोळा मिटला. पिशवी त्यांनी घेतली.

सोमवार, ७ एप्रिल

भाचीने मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. पोरसवदा बाई, पण नीट ऐकून घेतात. पहिलाच प्रश्न — "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

मळमळीची. आमच्या डॉक्टरांनी गेल्या उन्हाळ्यात दिली, तेव्हापासून "चालू ठेवा, चालू ठेवा".

"ही थोडे आठवडेच घ्यायची असते. लांबली, तर काहींचा चेहरा असा आपोआप हलायला लागतो." गोळी बंद करायला सांगितली. मी विचारलं, जाईल का हे? "कमी होईल बहुतेक. पूर्ण जाईलच, असं नाही सांगत."

म्हणजे मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळे मारायचे. घरी येऊन रडले. रडतानाही चंबू. आरशात बघून हसू आलं, त्याचाच जास्त राग आला.

मंगळवार, ८ एप्रिल

आमचे डॉक्टर. "अहो, वय झालं की असं व्हायचंच." मी खडसावलं, गोळी देताना हे का नाही सांगितलं? पण मी खडसावत होते आणि ओठ त्यांना पापे देत होते. असल्या बाईला कोण घाबरणार? कंपाउंडर फायलीआड हसत होता.

दावा लावणार.

शुक्रवार, २ मे

डॉक्टरांना नोटीस भाचीनेच धाडली होती, ती वकील आहे. औषध कंपनीला धरणं अवघड म्हणते, कारण धोका गोळीबरोबरच्या कागदावर छापलेला असतो. (तो कागद मला कोणी दाखवला? दुकानदार पट्टी कापून हातावर ठेवतो.) धरायचं ते डॉक्टरांना — सांगितलं नाही आणि थांबवलं नाही. "आणि मावशी, याला मुदत असते. नुसती चिडत बसलीस तर हक्क जाईल."

"मी चिडले की कामं लवकर होतात," मी म्हटलं.

आज डॉक्टरांच्या वकिलाचं उत्तर आलं. तक्रारदार बाई पूर्वीपासूनच, स्वभावतः, वेडीवाकडी तोंडं करतात. पूर्वीपासून! माझ्या जिभेबद्दल तक्रारी होत्या, मान्य. चेहऱ्याबद्दल एकही नाही.

भाची म्हणाली, "मग पूर्वी असं नव्हतं हे सांगणारा साक्षीदार हवा. घरचा नको. तुला रोज बघणारा."

माझ्या डोळ्यांसमोर जांभळा शर्ट.

रविवार, ११ मे

भाचीने तिसऱ्या मजल्याला आमच्याकडे बोलावलं. आले ते तिसऱ्या नव्या शर्टात, अत्तर लावून. तिने सरळ सांगून टाकलं, "काका, तो डोळा म्हणजे औषधाचा दुष्परिणाम आहे."

त्यांनी उचललेला चहाचा कप खाली ठेवला. "चंबूसुद्धा?"

"चंबूसुद्धा."

मग जमीन मोजल्यासारखे टप्प्याटप्प्याने बोलले. "लिहून घ्या. सहा वर्षं यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. एकदा लिफ्टमध्ये अर्धा तास अडकलो होतो दोघंच, तेव्हासुद्धा नाही. मार्चपासून हा डोळा. मी... माझा गैरसमज झाला. तीन शर्ट शिवले."

"शर्ट लिहू का, काका? डोळा कधीपासून, ते त्यावरून सिद्ध होतं."

"लिहा. शिंप्यालाही विचारा हवं तर."

इतका भक्कम साक्षीदार मी बत्तीस वर्षांत पाहिला नाही. सही करून गेले. चहा तसाच राहिला. कुठे बघावं मला कळेना, आणि डोळ्याने नेमकी तीच वेळ साधली.

गुरुवार, १२ जून

चंबू अजून येतो. डोळा मात्र आठवडाभर शांत. सुनावणी पुढच्या महिन्यात. भाची खूश — "साक्ष पक्की आहे. तू फक्त चेहरा सांभाळ."

तिसरा मजला पुन्हा जुन्या शर्टात, कॉलर विरलेल्या. नमस्कार करतात, तो माझ्या चपलांना. पिशवी आज मीच वर आणली. जड होती.

रविवार, २२ जून

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, जिना. ते उतरत होते, मी चढत होते. डोळा मारला. गोळीचा काही संबंध नाही.

भाचीला कळता कामा नये, दावाच बुडेल. त्यांच्या दाराखालून चिठ्ठी सरकवून आले: आजचा डोळा आजारात धरू नये. आपलं म्हणणं लेखी कळवावं, बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.