दुखण्याची आणेवारी

२३ ऑक्टोबर १९८२, शनिवार

या वयात मला शाळेत बसवलं! शरयूबाई म्हणे, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर आज कंबर किती? मी म्हटलं, बाई, मी पटवारी होतो. वीस वर्षं गावच्या पिकाची आणेवारी मीच लावली. सोळा आणे म्हणजे भरपूर, चार आणे म्हणजे नावाला. दुखण्याचीही तशीच लावू. त्या हसल्या आणि कागदावर तसंच लिहून घेतलं.

वर्ध्याला कॉलेजात शिकवतात, पीएच.डी. करताहेत. जेलातून सुटलेला, दारू सोडलेला आणि अंगात कायमचं दुखणं असलेला — तिन्ही एकाच माणसात पाहिजे त्यांना. नाचणगावात मी एकटाच निघालो. केवढा मान!

सोबत प्रमिलाबाई म्हणून मदतनीस असते. ती आत माझ्या बायकोशी, आनंदाशी, बोलत बसते. काय बोलते, कळत नाही.

बारा आणे सांगितले. होतेही तेवढेच.

३० ऑक्टोबर

बाई चहा पीत होत्या तेव्हा त्यांचा कागद उलट्या बाजूने वाचला. जुनी सवय. मागच्या शनिवारच्या बारा आण्यांपुढे लाल पेन्सिलीची फुली आणि शेजारी — ‘पुन्हा पिण्याचा धोका’. हे बरं आहे! कंबर दुखली की मी प्यायलोच समजा! आणि हे प्रमिलाबाईच्या तोंडून आत आनंदाच्या कानावर गेलं तर?

आज आठच आणे सांगितले. फुली पडली नाही.

६ नोव्हेंबर

सुटून आलो त्या दिवशी आनंदा उंबऱ्यातच उभी होती. म्हणाली, “पेले तं मी नलूकडे देवळीले चालली जाईन. मंग येनार नाई.” नलू आमची लेक. त्यानंतर दीड वर्ष झालं, माझ्याशी एक शब्द नाही. जेवण वाढलं की म्हशीला सांगते, मी म्हशीकडून ऐकतो आणि पाटावर जाऊन बसतो.

तिची काही चूक नाही. पिऊन मी महादेवराव कोतवालाला ढकललं. पायरीवर डोकं आपटलं, माणूस जागच्या जागी गेला. मला पाच वर्षं झाली. त्या पाच वर्षांत या दोघी मायलेकी गावात तोंड वर करून कशा वावरल्या, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही माझ्यात.

कंबर जेलातलीच. धान्याचं पोतं घेऊन जिन्यावरून पडलो होतो.

सहा आणे सांगितले. खरे चौदा.

७ नोव्हेंबर

पटवारी होतो तेव्हा लोक पाया पडायचे — आणेवारी कमी लावा, सारा माफ होऊ द्या. आता स्वतःचीच कमी लावतो आहे.

१३ नोव्हेंबर

पाच आणे सांगितले. बाई खूश! आलेख काढून आणला होता, रेघ खाली खाली उतरत गेलेली. म्हणाल्या, घरच्यांची साथ असली की दुखणं उतरतं असं दिसतंय. घरच्यांची साथ! मी मान डोलावली.

मग म्हणाल्या, तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना तुमचे आकडे दाखवले, त्यांनी दुखण्याची गोळी बंद केलीय, आता गरज नाही. मी हो म्हटलं. गाढव आहे मी, दुसरं काय!

१६ नोव्हेंबर

ऐन दिवाळी. वाकता येत नाही, बाजेवरून उठायचं तर दाराची चौकट धरावी लागते. आज चप्पल पायात घालता घालता डोळ्यांत पाणी आलं. चोपन्न वर्षांचा माणूस चपलेपायी रडतो!

१८ नोव्हेंबर, गुरुवार

जिल्ह्यात दारूबंदी आहे. नाल्यापलीकडे मोहाची मिळते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी गेलो. मधे तीनदा बसलो. बाटली घेतली. उघडली. वास आला. आनंदाचा चेहरा आठवला. सगळी मातीत ओतून दिली. नाल्यात तोंड धुतलं, बडीशेप खाल्ली, घरी आलो.

देवाशपथ, ओतून दिली.

२० नोव्हेंबर

चार आणे सांगितले. ‘या आठवड्यात प्यालात का?’ — नाही. सही केली.

जाता जाता बाई म्हणाल्या, तुमच्या आकड्यांवरून अभ्यासातल्या आणखी अकरा जणांच्या गोळ्या कमी करून बघायचं डॉक्टर ठरवताहेत. अकरा जण! त्यांच्या कंबरा, त्यांचे गुडघे, आणि माझी खोटी आणेवारी. जेवण गेलं नाही.

खरं सांगावं तर आनंदा जाईल. न सांगावं तर त्या अकरांतला एखादा नाल्याकडे जाईल.

२७ नोव्हेंबर

सांगून टाकलं. चहा यायच्या आधीच. “बाई, सोळा आणे दुखते. पहिला शनिवार सोडला तर सगळे आकडे खोटे आहेत.”

बाईंचा चेहरा पांढरा पडला. कपाळाला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या, डॉक्टरांना आजच कळवते, कोणाचीही गोळी कमी होणार नाही, तुमचीही सुरू करायला लावते. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी प्रमिलाबाईला हाक मारून एक बंद पाकीट मागितलं. घरच्या माणसाला तेच प्रश्न प्रमिलाबाईनं आत वेगळे विचारायचे, दोघींनी एकमेकींचे कागद बघायचे नाहीत, शेवटी जुळवायचे — असा त्यांचा नियम म्हणे. पाकीट तिथंच फोडलं. पाच शनिवारांचे आनंदाचे आकडे: बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा. मी चौकट धरून किती वेळ उभा राहतो, त्यावरून ती लावत होती.

वीस वर्षांत इतकी खरी आणेवारी मी लावली नाही.

२८ नोव्हेंबर

काल एक लिहायचं टाळलं. आनंदाच्या शेवटच्या कागदावर ‘या आठवड्यात प्याले का?’ याच्यापुढे लिहिलंय — ‘हो. गुरुवारी.’

खरं आहे. ओतली नव्हती. अख्खी बाटली प्यायलो. या वहीतही खोटंच लिहिलं मी.

सकाळी चुलीपाशी जाऊन विचारलं, मग तू गेली काऊन नाही? तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“सोळा आणे दुखून राह्यलं होतं तुमचं,” म्हणाली. “अशात टाकून कशी जाऊ?”